हजेरीची टेकडी

कुसळवाडीच्या शाळेमागं जी टेकडी दिसते, अर्धी बोडकी आणि अर्धी झुडपांनी भरलेली, तिला सरकारदरबारी एक गट नंबर आहे. तो तलाठ्यालासुद्धा कागद पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. गावात मात्र शेंबड्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे तिला हजेरीची टेकडी म्हणतात. नवखा पाहुणा चक्रावतो. देवीची टेकडी असते, पिराची असते, कुणा साधूची असते. हजेरीची टेकडी कुठं असते का? असं कुणी विचारलं की गावकरी वाद घालत नाहीत. ते सांगतात, सकाळी दहाला शाळेच्या कट्ट्यावर येऊन बसा, मोबाईल बंद करा आणि तोंडही.

दहाला प्रार्थना संपते, पोरं आपापल्या जागी बसतात आणि बाई हजेरीपट उघडतात. पहिलं नाव पुकारतात, "मोर."

मग शाळा अशी गप्प होते की टाचणी पडली तरी ऐकू यावी. पहिलीतली चिल्लीपिल्लीसुद्धा श्वास धरून बसतात. टेकडीवरून मोर ओरडला की पोरं एका सुरात म्हणतात, "हजर!" पुस्तकात त्या ओरडण्याला केका म्हणतात, गावात कुणी म्हणत नाही. थंडीत मोराचं तोंड मिटलेलं असतं, तेव्हा एक पोर व्हरांड्यात जाऊन टेकडीकडं बघून येतं आणि सांगतं, "बाई, दिसला." तेही चालतं. एवढं झाल्याशिवाय या शाळेत कुणाच्याही लेकराचं नाव पुकारत नाहीत, मग ते सरपंचाचं असलं तरी.

या रिवाजामागं एक हकीकत आहे. तिला साठ वर्षं होऊन गेली, त्यामुळे तिच्यात मूळ किती आणि मागाहून घातलेली फोडणी किती हे आता कुणालाच सांगता यायचं नाही. जशी सांगतात तशी ती अशी आहे.

मोर हा देशाचा राष्ट्रीय पक्षी ठरला, त्याच वर्षीची गोष्ट. त्या जून महिन्यात कुसळवाडीच्या शाळेत निमकरबाई नावाच्या नव्या मास्तरीण आल्या. शाळा एका खोलीची, चार वर्ग त्याच खोलीत आणि शिकवायला बाई एकट्या. वय असेल बावीस-तेवीस. अंगानं किडकिडीत, आवाज मात्र खणखणीत. वाईसारख्या नदीकाठच्या गावातून माणदेशाच्या या उन्हातल्या कडेला येऊन पडल्या, तर त्यांनी रडायला हवं होतं. पण त्या रडल्या नाहीत, असं सांगतात. रडायला वेळच नव्हता. शाळेच्या पटावर बावीस नावं होती आणि खोलीत रोज चार पोरं बसत होती.

बाकीची अठरा कुठं होती? वावरात, राखणीच्या माळ्यावर, हातात गोफण घेऊन.

कुसळवाडीची सगळी भिस्त भुईमुगावर आणि बाजरीवर. पेरणी झाली की टेकडीवरचे मोर आणि लांडोरी खाली उतरत आणि पेरलेला दाणा न् दाणा उकरून खात. एका सकाळी अर्ध्या एकरातले पेरणीचे तास साफ. पाखरं हाकायला मोठी माणसं ठेवायची तर बाकीची कामं कुणी करायची? म्हणून लेकरं दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत माळ्यावर. पेरणीला महिना आणि कणीस भरताना महिना. मधल्या काळात शाळेत आली तरी मागचं सगळं विसरलेली.

त्यातच वरून एक परिपत्रक आलं. लहान मुलांना आपल्या नव्या राष्ट्रीय पक्ष्याची ओळख करून द्यावी, चित्र दाखवावं, माहिती सांगावी आणि मुलांच्या मनात त्याच्याविषयी आदर निर्माण करावा. बाईंना आनंद झाला. चित्र काही आलं नव्हतं, पण बाईंचा हात बरा होता. त्यांनी रंगीत खडूंनी फळाभर मोर काढला. पिसारा फुलवलेला, डोक्यावर तुरा, निळी मान. त्या दिवशी नेमकी पावसाची भुरभुर होती, म्हणून माळ्यावरची पोरंही शाळेत आली होती. बाई फळ्यासमोरून बाजूला झाल्या आणि हसऱ्या तोंडानं विचारलं, "सांगा बरं, हा कोण?"

"चोर!" बावीस तोंडांनी उत्तर दिलं.

आणि तेवढ्यात सूं करून एक खडा आला, तो फळ्यावरच्या मोराच्या बरोबर तुऱ्यावर बसला. मारणारी होती गोजरा, भिवा जगदाळ्याची सहा वर्षांची लेक. पहिलीतली. गोफण तिच्या कमरेलाच गुंडाळलेली असे, वेणीला रिबीन असावी तशी. सगळ्या पोरांनी टाळ्या पिटल्या. बाई रागवायच्या ऐवजी खुर्चीवर बसल्या. त्यांना कळेना की ज्या पाखराला ही लेकरं सकाळपासून शिव्या घालतात, त्याच्याविषयी त्यांच्या मनात आदर निर्माण करायचा तो कसा. परिपत्रकात ते लिहिलेलं नव्हतं.

शिवाय मोर त्यांच्या शाळेचा वैरी होता, हेही खरंच. पोरं पळवत होता तोच.

त्याच आठवड्यात चावडीवर गाव बसला. ठरलं ते असं, की हा त्रास आता मुळासकट काढायचा. पुढच्या बुधवारी सगळ्यांनी टेकडीवर चढायचं, झुडपं तोडायची आणि लांडोरींनी घातलेली अंडी सापडतील तेवढी फोडायची. झुडपांत शिरायला लहान पोरं बरी, म्हणून त्यांनाच पुढं घालायचं. या कामात सगळ्यांत पुढं भिवा जगदाळे. त्याचं वावर टेकडीच्या पायथ्याला, शाळेच्या हाकेवर. मोर खाली उतरला की त्याचं पहिलं पाऊल भिवाच्या भुईमुगात पडे.

बाई बोलवल्याशिवाय चावडीवर गेल्या. बायामाणसांनी तिथं जायची रीत नव्हती, पण शिकलेल्या बाईला कोण काय म्हणणार? बाईंनी परिपत्रक वाचून दाखवलं. माणसांनी ते मान डोलवत ऐकलं.

मग भिवा म्हणाला, "बाई, राष्ट्रीय असंल तर राष्ट्रानं त्येला जेवू घालावं. आमच्याच वावरात का पंगत?"

सगळे हसले. भिवाचं काही चुकलंय असं बाईंनाही वाटेना, तेच खरं दुखणं होतं. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "मोर दिवसभर वावरात असतो का?"

"मोराचा काय भरवसा? कवा बी येतो."

"कुणी बघितलंय?"

चावडीवरच्या कुणीच बघितलं नव्हतं. दिवसभर पाळत ठेवणारी माणसं ही नव्हतीच. ती लेकरं होती, आणि लेकरांना आजवर कुणी काही विचारलं नव्हतं.

"बुधवारचं पुढं ढकला," बाई म्हणाल्या. "आठ दिवस मी माळ्यावर बसते. मग बोलू."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बाई पदर खोचून भिवाच्या माळ्यावर चढल्या. गावाला आठ दिवस फुकटचा तमाशा मिळाला. बाईंना गोफण फिरवता येईना. पहिला धोंडा पुढं जायच्या ऐवजी मागं गेला आणि बांधावर ठेवलेली भिवाची पाण्याची घागर फुटली. त्यानंतर बाई गोफणीच्या नादाला लागल्या नाहीत. त्या नुसत्या ओरडत. त्यांच्या आवाजानं मोर उडायचे, आणि शेजारच्या वावरातली बैलंही बुजायची, असं म्हणतात.

पण त्या बसल्या तिथं एक काम होत होतं. गोजरा शेजारी बसून बोलत होती आणि बाई ऐकत होत्या. पाखरं झुंजूमुंजू झालं की झाडावरून उतरतात. आधी लांडोरी येतात, मागनं मोर. पोट भरलं की ऊन लागायच्या आत वर जातात आणि झुडपांत पाय मुडपून बसतात. मग दुपारी किती बी दाणं टाका, येणार न्हाईत. दिवस कलला की पुन्हा खाली. त्यातला लांब शेपटाचा म्हातारा मोर सगळ्यांचा म्होरक्या. तो वर टेकडीवरच्या खडकावर जाऊन ओरडला की समजायचं, जेवण आटपलं.

"हे तू आधी का नाही सांगितलंस गं?" बाईंनी विचारलं.

"तुमी इचारलं न्हाई," गोजरा म्हणाली. "तुमी म्हनला, हा कोन."

बाईंना हसू आलं आणि मनातून शरमल्यासारखंही झालं. फळ्यावर मोर काढून त्या ज्यांना मोर शिकवायला निघाल्या होत्या, त्यांना मोराचा दिवस पाठ होता. बाईंनी माळ्याच्या खांबावर खडूनं सावलीच्या खुणा करायला सुरुवात केली. म्हातारा मोर ओरडला की एक रेघ. आठ दिवसांच्या आठ रेघा जवळजवळ एकाच जागी आल्या. घड्याळात पाहिलं तर दहाच्या आसपास.

त्या वेळी शाळा दोन वेळची असे. सकाळी आठ ते अकरा, दुपारी दोन ते पाच. म्हणजे बरोबर मोरांच्या जेवणाच्या वेळा. बाई पुन्हा चावडीवर गेल्या आणि म्हणाल्या, मी शाळेची वेळ बदलते. सकाळी पोरं तुमची. म्हातारा मोर टेकडीवर जाऊन ओरडला की पोरं माझी. दुपारी चारला सोडते, मोर उतरायच्या आत ती पुन्हा माळ्यावर असतील.

"आन् एखाद्या दिवशी त्यो वर गेलाच न्हाई तर?" भिवानं विचारलं.

तेव्हा बाईंनी जे केलं त्याला गाव आजही बाईंचा नेम म्हणतं. त्यांनी हजेरीपट काढला, पहिल्या ओळीवर मोर असं लिहिलं आणि सगळ्यांसमोर बोलून दाखवलं, "रोज आधी याचं नाव घेईन. हा टेकडीवरून बोलला नाही तर तुमच्या एकाही पोराला शाळेत बोलावणार नाही, घंटाही वाजवणार नाही. आणि शाळेच्या वेळात वावरात मोर दिसला, तर मी हा गाव सोडून जाईन. मग टेकडीचं तुम्ही काय ते करा."

गाव कबूल झाला. एक हंगाम बघू म्हणाले.

आणि काय सांगावं, जमलं की! मोर ओरडला की पोरं माळ्यावरून उड्या टाकून शाळेकडं धावू लागली. चारांची बावीस झाली. बाई खणखणीत आवाजात नावं पुकारत. पहिलं मोराचं, दुसरं पहिलीच्या गोजराचं. "गोजरा भिवा जगदाळे!" हा आवाज पायथ्याच्या वावरापर्यंत स्वच्छ जायचा. भिवाला जन्मात कुणी अशा मानानं हाक मारली नव्हती. त्याला लोक भिवा म्हणत, नाहीतर भिव्या. रोज दहाच्या ठोक्याला आपलं नाव आडनावासकट शाळेत पुकारतात, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्यानं कुणाला सांगितलं नाही. पण त्या वेळी तो औत थांबवून उभा राहायचा. बैलांना घाम पुसायला वेळ देतो, असं म्हणायचा.

तरी माणसाचा स्वभाव कुठं जातो? बोलणी ठरली होती, पण भिवाला मोराच्या शब्दावर विश्वास ठेवणं जड जात होतं. एका संध्याकाळी त्यानं बांधाच्या कडेला, भुईमुगाच्या तासात, सुतळीचे दोन-तीन फास मांडून ठेवले. गोजरालाही बोलला नाही.

नेमका दुसऱ्या दिवशी दिपोटी आला.

शाळा तपासायला येणाऱ्या साहेबाला तेव्हा सगळे दिपोटी म्हणत. त्याच्या एका शेऱ्यावर शाळा राहायची किंवा उठायची. पटावर आहेत तेवढी पोरं खोलीत दिसली नाहीत तर कुसळवाडीची शाळा बंद करून पोरांनी पाच मैलांवरच्या गावी जावं, असं वर ठरत आलेलं होतं. पाच मैल पहिलीतलं पोर जाणार नव्हतं. गोजरा तर नक्कीच जाणार नव्हती. बाईंना हे माहीत होतं, आणि वेळ आपण कुणाला न विचारता बदलली आहे हेही माहीत होतं.

साहेब साडेनऊला सायकलवरून उतरले. खोलीत तरटाच्या पट्ट्या अंथरलेल्या, फळा पुसलेला, बाई उभ्या आणि पोर एकही नाही.

"मुलं?" साहेबांनी विचारलं.

"येतील, साहेब. दहाला."

साहेबांनी हजेरीपट ओढून घेतला. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. नाव, मोर. राहणार, टेकडी. जन्मतारखेच्या रकान्यात माहीत नाही, आणि जातीच्या रकान्यात नुसती रेघ. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा वाचलं.

"हे काय आहे, बाई?"

"पहिला विद्यार्थी आहे, साहेब. तो आला की बाकीचे येतात."

साहेबांनी खिशातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. दहा वाजले. बाईंनी दारात उभं राहून पुकारलं, "मोर!" टेकडी गप्प. सव्वादहा झाले. "मोर!" काही नाही. साडेदहा. "मोर!" तरी काही नाही. गेल्या महिन्याभरात असं एकदाही झालं नव्हतं.

दाराशेजारी रुळाचा तुकडा टांगलेला होता, तीच शाळेची घंटा. खाली लोखंडी दांडका. एक टोला दिला असता तर बावीसच्या बावीस पोरं धापा टाकत आली असती, साहेबांचं समाधान झालं असतं आणि शाळा वाचली असती. पण मग गावाला दिलेला शब्द? तो मोडला की पोरांचा विश्वास उडाला, आणि टेकडीवरची अंडीही गेली. बाईंनी दांडका उचलला. तो हातात घेऊन त्या उभ्या राहिल्या. किती वेळ, ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. आयुष्यात एवढी भीती मला कधी वाटली नाही, असं त्या म्हातारपणी म्हणायच्या म्हणे. मग त्यांनी दांडका खाली ठेवला.

साहेबांनी शेरेबुक उघडलं आणि टाक दौतीत बुडवला.

तिकडं पायथ्याच्या वावरात काय चाललं होतं, ते गोजरानं पुढं जन्मभर सांगितलं. म्हातारा मोर सगळ्यांच्या मागून टेकडीकडं निघाला होता. बांधाशी त्याचा पाय फासात गेला. जेवढा उडायला बघे तेवढा फास आवळे. पिसं मातीत फरफटत होती. बाकीची पाखरं वर जाऊन चिडीचूप बसलेली, म्होरक्या बोलल्याशिवाय कोण बोलणार? सगळ्या माळ्यांवरची पोरं कान टवकारून बसली होती, आणि भिवा दांडकं घेऊन मोरासमोर उभा होता.

गोजरा धावत आली. बापाच्या आणि मोराच्या मधे उभी राहिली.

"आबा, सोड त्येला."

"बाजूला हो. धा वाजून गेलं, अजून वावरात हाय. बाईंनीच शब्द दिलता."

"त्यो जातच हुता. तू धरलायस."

लहान पोरीनं खरं सांगितलं की मोठ्या माणसाला आधी राग येतो, तसा भिवालाही आला. पण दांडकं उचललं जाईना.

"आबा," गोजरा रडवेली होऊन म्हणाली, "त्यो वर गेला न्हाई तर बाई माझं नाव घ्यायच्या न्हाईत. आन् माझं न्हाई घेतलं तर तुझं बी न्हाई."

बस्स, एवढंच. तेवढ्यात शाळेकडून बाईंचा आवाज आला. खणखणीत नव्हता, फाटलेला होता. "मोर!" चौथ्यांदा. भिवानं तो ऐकला आणि त्याला एकदम कळलं की यानंतरचं नाव आज पुकारलं जाणार नाही, कदाचित कधीच पुकारलं जाणार नाही. तो खाली बसला. मोरानं त्याच्या हातावर दोन ठिकाणी चोच मारून रक्त काढलं, तरी त्यानं शेजारच्या खुरप्यानं सुतळी कापली.

मोर लंगडत चार पावलं गेला, मग पंख फडफडवत उडाला. खडकावर बसला. अंग झटकलं. भिवा, गोजरा आणि भोवतीच्या वावरांतली सगळी पोरं मान वर करून बघत होती. मोर गप्प. कुणाला वाटलं, आता तो बोलायचा नाही. माणसांवर रुसला.

आणि मग मोर ओरडला. असा ओरडला, की पलीकडच्या गावात ऐकू गेलं, असं सांगतात. एकदा नाही, सलग सात वेळा. कुणी नऊ म्हणतात.

साहेबांचा टाक कागदावर टेकणार, तेवढ्यात तो आवाज आला. बाईंनी दाराची चौकट घट्ट धरली. साहेब उठून दारात आले आणि बघतच राहिले. चहूबाजूंच्या बांधांवरून, माळ्यांवरून उड्या टाकून, कमरेला गोफणी, पायाला चिखल, बावीस पोरं शाळेकडं धावत सुटली होती. खोलीत शिरली, तरटावर बसली, धापा टाकत हाताची घडी घालून गप्प झाली.

बाई हजेरीपटाशी गेल्या. त्यांनी पहिलं नाव पुकारलं, "मोर."

"हजर!" बावीस तोंडांनी उत्तर दिलं.

"गोजरा भिवा जगदाळे."

"हजर!"

वावरात उभ्या भिवानं म्हणे त्या दिवशी डोईचा पटका काढून हातात घेतला.

साहेब जुन्या वळणाचे होते. एवढ्यानं विरघळतील तर दिपोटी कसले? हजेरी संपल्यावर त्यांनी परिपत्रकाप्रमाणे प्रश्न विचारला, "आपला राष्ट्रीय पक्षी कोणता?" ते तर सगळ्यांनी सांगितलं. मग साहेब पहिलीच्या रांगेकडं वळले. "राष्ट्रीय पक्षी म्हणजे काय?"

एवढ्या गडबडीत हे शिकवायचंच राहून गेलं होतं. पोरं एकमेकांकडं बघू लागली. गोजरा उभी राहिली. नाक पुसलं. जरा विचार केला.

"ज्येचं नाव आपल्या आदी घ्यायचं, त्यो," ती म्हणाली. "आन् त्यो हाय तवर आपन समदी हाय."

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, की वेळेतील बदल योग्य आहे आणि पटावरील सर्व हजर आहेत. हजेरीपटावर सही करताना त्यांनी पहिलं नाव खोडलं नाही. जाताना सायकल हातात धरून टेकडीपर्यंत चालत गेले, एवढं काही जणांनी पाहिलं.

भिवानं त्या संध्याकाळी चावडीवर आपल्या हातावरच्या चोचीच्या खुणा दाखवल्या आणि फास आपणच लावला होता हे स्वतःच्या तोंडानं सांगितलं. लोकांनी त्याला बोल लावला नाही, कारण निम्म्यांच्या मनात तेच होतं. टेकडीवर चढायचा बुधवार पुन्हा कुणी ठरवला नाही. त्या वर्षी बाजरी बरी झाली. निमकरबाई कुसळवाडीत अकरा वर्षं राहिल्या, आणि त्यांना गोफण शेवटपर्यंत आली नाही.

आता माळे गेले. वावरांना जाळीची कुंपणं आली, भुईमुगाच्या जागी डाळिंब आलं, शाळेची वेळ सरकार ठरवतं आणि तीही योगायोगानं दहाचीच आहे. हजेरी मोबाईलवर भरावी लागते. त्यात मोराला रकाना नाही, म्हणून शाळेनं त्याच्यासाठी जुना कागदी पट चालू ठेवलाय. दर जूनला मोराचं नाव पहिलीच्याच पटावर उतरवतात. साठ वर्षांत तो एकदाही दुसरीत गेलेला नाही. नव्या मास्तरांनी एकदा हा पोरखेळ म्हणून थेट पोरांच्या नावापासून सुरुवात केली, तर एकही पोर हजर म्हणेना. सगळी समोर बसलेली, आणि पटावर सगळी गैरहजर. दुसऱ्या दिवसापासून मास्तर रुळावर आले.

पण हे सगळं सांगण्यापेक्षा शाळा सुरू होते त्या दिवशी यावं. पहिलीची पोरं आईच्या पदराला लोंबकळत, भोकाड पसरून येतात. एक रडलं की दुसरं रडतं, खोलीत नुसता कालवा. आया दारात घुटमळतात, त्यांचाही पाय निघत नाही. बाई कुणाला दटावत नाहीत, कुणाला गोळी देत नाहीत. त्या फक्त पट उघडतात आणि पहिलं नाव पुकारतात. चौथीची पोरं शेजारच्या लहानग्याच्या कानाशी लागून सांगतात, "गप, ऐकू यायला पायजे." आणि आजही, टेकडीवरून उत्तर येईपर्यंत, कुसळवाडीच्या शाळेत पहिल्या दिवशीसुद्धा एकही लेकरू रडत नाही.